बसलेली जमीन आणि वाळलेली नीळ

मागचे काही भाग आपण काशीचे घाट, वाडे आणि पेशवाईतले देणगीदार यांच्यात घालवले. आज घाट चढून थोडं आत जाऊ आणि तिथून खाली, मातीत उतरू. एका प्रेक्षकाने विचारलं होतं की फौजी माणूस इतिहास सांगतो इथपर्यंत ठीक, पण शेतीत कशाला शिरतो? त्यांना सांगतो, जमीन शास्त्रशुद्ध रीतीने घट्ट कशी करायची हे विसाव्या शतकात ज्यांनी पद्धतशीर शिकून घेतलं, त्यांत रस्तेवाले, धरणवाले आणि लष्करवाले होते. मी सॅपर. रस्ता असो, हेलिपॅड असो की रणगाड्यांचा मार्ग, जमीन दाबून पक्की करणं हा आमचा धंदाच. ज्या जमिनीला आम्ही ‘उत्तम’ असा शेरा देतो, त्या जमिनीत मुळाचं काय होतं, हा प्रश्न माझ्या नोकरीत मला कुणी कधी विचारला नाही.

वाराणसीच्या छावणीत असताना तो पहिल्यांदा डोळ्यांसमोर आला. एका मैदानाच्या कडेला कडुनिंबांची रांग होती. मैदानापासून लांबची झाडं भरदार, मैदानाला लागून असलेली शेंड्याकडून वाळत चाललेली. पाणी तेच, ऊन तेच, लावलेली एकाच काळात. कुणी म्हणे वाळवी, कुणी म्हणे रोग, कुणी म्हणे खत कमी पडतंय. तिथला म्हातारा माळी एवढंच म्हणाला, ‘‘जमीन बैठ गयी है, साहब.’’ आपणही मराठीत हेच म्हणतो, जमीन बसली. म्हणजे नेमकं काय झालं?

चांगल्या मातीचा निम्मा भाग माती नसतोच. ती पोकळी असते, आणि तिच्यात पाणी आणि हवा राहतात. पोह्यांचा डबा भरून ओट्यावर दोनदा ठोकला की पोहे खाली बसतात आणि वर चार बोटं जागा होते. वजन तेवढंच, पोकळी कमी. मातीचं तसंच होतं, फक्त तिथे आधी मोठ्या पोकळ्या जातात. म्हणजे ज्यांतून पाणी खाली उतरतं, हवा आत येते आणि मूळ वाट काढतं, त्याच नेमक्या जातात. बारीक छिद्रं उरतात, पण त्यांतलं पाणी मातीने इतकं घट्ट धरून ठेवलेलं असतं की झाडाला ते ओढता येत नाही.

दाबण्याचं शास्त्र फार जुनं नाही. आपल्याकडे धुम्मस होतंच. कंपनी सरकारने ग्रँड ट्रंक रोड पक्का केला तो कंकर अंथरून, पाणी मारून आणि धुम्मसाने ठोकून. पण नेमकं किती ओलावा असताना किती ठोकलं म्हणजे माती जास्तीत जास्त बसते, हे मोजून मांडलं लॉस एंजेलिसच्या पाणी खात्यातल्या राल्फ प्रॉक्टर नावाच्या इंजिनियरने, 1933 मध्ये, मातीची धरणं बांधताना. अडीच किलोच्या आसपासचा हातोडा, एक फूट उंची, तीन थर, प्रत्येक थराला 25 ठोके. मी ही चाचणी किती वेळा केली असेल याची गणती नाही. त्यातली एक गंमत शेतकरी मंडळींना सांगण्यासारखी आहे. माती फार कोरडी असली तर बसत नाही, फार ओली असली तरी बसत नाही, कारण पोकळीतलं पाणीच तिला दबू देत नाही. मधला जो ओलावा रोलरवाल्याला हवा असतो, तो आपल्या वाफशापासून फारसा लांब नाही. ज्या दिवशी नांगर उत्तम चालतो, त्याच दिवशी रोलरही उत्तम चालतो!

पुढे दुसऱ्या महायुद्धात विमानतळ घाईने बांधायची वेळ आली. अमेरिकी लष्कराने कॅलिफोर्नियाच्या रस्ते खात्याची चाचणी उचलली. तीच आमची ‘सीबीआर’. आणि चिखलातून गाड्या जातील की रुततील हे पटकन कळावं म्हणून मिसिसिपीतल्या व्हिक्सबर्गच्या प्रयोगशाळेत टोकदार शंकू लावलेली एक सळई घडवली गेली. ती जमिनीत दाबायची आणि किती जोर लागतो ते वाचायचं. युद्धानंतर हेच हत्यार शेतीशास्त्रज्ञांनी उचललं. वाचन तेच, अर्थ उलटा. आकडा मोठा आला की आम्ही म्हणायचो, जाऊ द्या गाड्या. मुळांचा अभ्यास करणारा म्हणतो, संपलं. साधारण 2 मेगापास्कल, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला 20 किलो जोर लागायला लागला, की बहुतेक पिकांची मुळं पुढे सरकणं जवळजवळ थांबतं.

जाता जाता एक हिशेब. टी-72 रणगाडा चाळीस टनांच्या वर. पण पट्ट्यांवर वजन पसरल्यामुळे जमिनीवरचा दाब दर चौरस सेंटीमीटरला एक किलोहूनही कमी. आपली गाय तीन-चारशे किलोची, पण चार लहानशा खुरांवर उभी. तिचा दाब रणगाड्याहून जास्त भरतो, आणि चालताना आणखी वाढतो. काशीच्या गल्लीबोळांतून हिंडलेल्या माणसाला हे पटायला हरकत नाही. फरक खोलीचा. दाब वरच्या थराचं ठरवतो, एकूण वजन खोलवरचं ठरवतं. गाय वरची वीत-दीड वीत घट्ट करते. रणगाडा, किंवा ऊस भरलेली ट्रॉली, त्याच्या खूप खाली हात घालते, आणि तिथे नांगर पोचत नाही.

आता मुळाकडे येऊ. मुळाच्या टोकात किती जोर असतो, हे लाइपझिगच्या विल्हेल्म फेफर या वनस्पतिशास्त्रज्ञाने मोजलं. त्याने मुळं प्लास्टरमध्ये जखडली आणि ती किती जोराने ढकलतात ते पाहिलं. हे काम 1893 चं. मूळ साधारण 1 मेगापास्कलच्या आसपास जोर लावू शकतं, म्हणजे मोटारच्या टायरमधल्या हवेच्या चार-पाच पट. तुमच्याआमच्या अंगठ्याला हे जमणार नाही. शिवाय मूळ लोखंडी सळईसारखं सरळ घुसत नाही. टोकातून बुळबुळीत स्राव सोडतं, वरच्या पेशी सोडून देऊन घसरतं, भेग शोधतं, वळतं. म्हणून सळईला 20 किलो लागतात तिथवर त्याची थोडीफार वाटचाल चालू असते.

कित्येक वर्षं असंच समजलं जात होतं की मूळ थांबतं ते जोर संपल्यामुळे. 2021 मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या बिपिन पांडे आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात वेगळीच गोष्ट दाखवून दिली. मुळं इथिलीन वायू सोडत असतात. केळी पिकवणारा वायू तोच हा. भुसभुशीत मातीत तो उडून जातो. घट्ट मातीत पोकळीच नसते, म्हणून तो मुळाभोवती कोंडतो, आणि मूळ त्यावरून ओळखतं की पुढे वाट नाही. मग ते लांबीने वाढणं सोडून जाड होतं. ज्या भाताला इथिलीनचा संदेश कळत नाही, अशा वाणाची मुळं त्याच घट्ट मातीत पुढे जात राहिली. म्हणजे पुष्कळदा मूळ हरत नाही, हुकूम ऐकून थांबतं. फौजी माणसाला यातला फरक लगेच कळतो.

मूळ आखूड झालं म्हणजे झाडाला पाणी कमी मिळणार, हे उघड आहे. पण मोठा तोटा दुसरीकडे होतो. जमिनीवरच्या बहुतेक झाडांची मुळं एकटी काम करत नाहीत. बर्लिनच्या आल्बर्ट फ्रांक यांना प्रशियाच्या सरकारने ट्रफल नावाच्या महागड्या आळिंबाची लागवड करता येते का ते पाहायला सांगितलं होतं. ट्रफलची लागवड काही साधली नाही, पण झाडांच्या बारीक मुळांवर बुरशीचं आवरण आहे आणि झाड त्यामुळे आजारी नसून चांगलं पोसलेलं आहे, हे त्यांनी पाहिलं. 1885 मध्ये त्यांनी या जोडीला नाव दिलं मायकोरायझा. ग्रीकमध्ये बुरशी आणि मूळ. आंबा, कडुनिंब, पिंपळ, गहू, तूर यांच्या मुळांत जी बुरशी असते ती फ्रांकच्या बुरशीहून वेगळ्या जातीची. ती मुळाच्या आत शिरून पेशींमध्ये झाडासारख्या फांद्या फोडते आणि बाहेर मातीत धागे सोडते. बाहेरून उघड्या डोळ्यांना काहीच दिसत नाही.

हे धागे 2 ते 10 मायक्रॉन जाडीचे, केसाच्या कितीतरी पट बारीक. जिथे मूळ शिरू शकत नाही तिथे ते शिरतात. झाडाने केलेल्या साखरेतला दहा-वीस टक्क्यांपर्यंत वाटा घेतात आणि बदल्यात मुख्यतः स्फुरद आणून देतात. नत्र पाण्याबरोबर वाहत येतं. स्फुरद मातीला चिकटून बसतो. मुळाभोवतीच्या एक-दोन मिलिमीटरमधला संपला की मुळाला पुढे सरकावं लागतं, नाहीतर पलीकडून कुणीतरी आणून द्यावा लागतो. ही पलीकडची रसद म्हणजे बुरशी.

मग घट्ट मातीत बुरशीचंच जास्त काम आहे, नाही का? मूळ अडलं, धागे जातील. थोडी घट्ट जमीन असेल तर असं होतंही. पण बुरशीलाही श्वास लागतो. पाणी साचून हवा कोंडली की ती मंदावते. तिचं अन्न मुळाकडूनच येतं, आणि मूळच आखडलं तर तिला घर आणि शिधा दोन्ही कमी. शिवाय मातीची रवाळ ढेकळं जी बनतात, ती बारीक मुळांनी आणि या धाग्यांनी बांधलेली असतात. ती फुटली की मोठ्या पोकळ्या गेल्या, पोकळ्या गेल्या की धागे गेले, धागे गेले की नवी ढेकळं बांधणार कोण?

हे सगळं आज सरळ मांडता येतं. शंभर वर्षांपूर्वी ते कुणाच्याच हातात पूर्ण नव्हतं, आणि त्यावरून एक मोठा वाद झाला. काशीच्या पूर्वेला, गंगेच्या पलीकडे, बूढी गंडकीच्या काठी पुसा नावाचं गाव आहे. आज ‘पुसा’ म्हटलं की दिल्ली आठवते, पण मूळ पुसा बिहारचं. हेन्री फिप्स या अमेरिकी धनिकाच्या देणगीतून 1905 मध्ये तिथे कृषी संशोधन संस्था उभी राहिली. 1934 च्या भूकंपात इमारत ढासळली, संस्था दिल्लीला गेली आणि जाताना नाव बरोबर घेऊन गेली.

1905 मध्येच तिथे आल्बर्ट हॉवर्ड आले. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल केंब्रिजला शिकलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ. प्रकाशसंश्लेषणावरचं त्यांचं काम लग्नाआधीच नावाजलेलं होतं. पुसा 4, पुसा 12 हे गव्हाचे वाण या दोघांचे. आल्बर्टचं नाव पुढे फार मोठं झालं, गॅब्रिएलचं मागे पडलं. माझ्या मते मुळांच्या अभ्यासातली चिकाटी दोघांची सारखी होती. झाडाचं मूळ उपटून पाहिलं तर बारीक मुळं तुटतात. म्हणून हे लोक पाठीवरच्या फवारणीपंपाने बारीक पाणी मारून माती धुऊन काढत आणि मूळ जागच्या जागी उघडं करत. त्यांना दिसलं की गंगेच्या गाळातल्या फळझाडांना मुळांचे दोन मजले असतात. पावसाळ्यात वरची मुळं काम करतात, उन्हाळ्यात खोलवरची.

त्यांनी एक बागच प्रयोगाला लावली. काही झाडांखाली जमीन मोकळी, खुरपलेली. काही झाडांखाली गवत वाढू दिलं. गवताखालची फळझाडं खंगली, काही मेलीच. यात पाणी आणि नत्र यांची ओढाताण होतीच, पण गवताच्या काही ओळींमध्ये त्यांनी चर खणून विटांचे तुकडे भरले. जमिनीला नाकपुड्या केल्या म्हणा. ती झाडं त्या मानाने बरी राहिली. त्यावरून हॉवर्ड यांचं मत पक्कं झालं की गाळाच्या जमिनीत पावसाळ्यात सगळ्यात आधी तुटवडा पडतो तो हवेचा. मोठे थेंब वरच्या मातीची खपली करून टाकतात, खालची हवा कोंडते आणि बारीक मुळं गुदमरतात. आपल्या शेतकऱ्याच्या ‘वाफसा’ या एका शब्दात हे सगळं आहे. त्यासाठी इंग्रजीत हॉवर्ड यांना पुस्तिका लिहाव्या लागल्या.

आता नीळ. जर्मन कारखान्याची कृत्रिम नीळ 1897 मध्ये बाजारात आली आणि बिहारच्या निळवाल्या साहेबांचं धाबं दणाणलं. त्यांनी जास्त रंग देणारी जावा नीळ आणली. सुरुवातीला ती जोरात वाढली. मग पावसाळ्यात उभं पीक मरगळू लागलं, पानं गळू लागली, बियाणं मिळेना. रोग म्हणावा तर जंतू सापडेना. हॉवर्ड दांपत्याने मुळं धुऊन पाहिली. बारीक मुळं आणि त्यांच्यावरच्या गाठी कुजलेल्या. त्यांचं निदान, हवेचा तुटवडा. जमीन बसली आहे, निचरा करा.

तेव्हाच निळीसाठी खास नेमलेले रसायनतज्ज्ञ होते डब्ल्यू. ए. डेव्हिस. त्यांनी माती तपासली आणि सांगितलं, बिहारच्या जमिनीतला स्फुरद संपला आहे, सुपरफॉस्फेट घाला. दोन्ही बाजू अटीतटीने लढल्या. मळेवाल्यांना खताचं उत्तर सोयीचं वाटणं साहजिक होतं. खत विकत मिळतं, निचरा खणावा लागतो. हा वाद चालू असतानाच 1917 मध्ये गांधीजी चंपारणला पोचले आणि नीळ का वाळते यापेक्षा नीळ कुणाच्या पाठीवर पिकते, हा प्रश्न मोठा झाला. तो तसा व्हायलाच हवा होता.

पण शास्त्राचा प्रश्न उरतोच. कोण बरोबर? आज मागे वळून पाहताना मला वाटतं, दोघांच्याही हातात एकाच दोरीची दोन टोकं होती. मधला धागा दोघांनाही दिसला नाही. जमीन बसली, बारीक मुळं गेली, बुरशीला घर राहिलं नाही. मग स्फुरद मातीत असून झाडापर्यंत पोचणार कसा? झाडात उपासमार दिसणारच. रसायनतज्ज्ञाने शिधा मोजला, हॉवर्डनी रस्ता तपासला. रसद तुटली की जवानाच्या पोटात भूक असते आणि कोठारात धान्य, हे लष्करात कुणाला समजवावं लागत नाही. स्फुरद खरोखरच कमी होता की नाही, हा वेगळा मुद्दा. पण तो वाढवूनही रस्ता बंदच राहिला असता.

नंतर हॉवर्डना बुरशी सापडली, आणि मग ती त्यांच्या डोक्यातून उतरेना. 1924 मध्ये ते दोघे इंदूरला आले. होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर नवी संस्था उभी राहिली. काळी कपाशीची जमीन. इंदूरच्या कंपोस्ट पद्धतीचं नाव तुम्ही ऐकलं असेल, ती इथली. 1931 च्या त्या मूळ पुस्तकाच्या मुखपृष्ठावर दोन नावं आहेत, आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड. वाड संस्थेतले रसायनशास्त्रज्ञ. आडनाव ऐकल्यावर आपल्या वाचकांना वेगळं काही सांगायला नको. जगभरच्या सेंद्रिय शेतीवाल्यांच्या तोंडी ‘इंदूर’ असतं, हॉवर्ड असतात, वाड मात्र क्वचित. इंदूरच्या मंडळींनी हे मनावर घ्यावं असं माझं सुचवणं आहे.

गॅब्रिएल 1930 मध्ये वारल्या, आल्बर्ट पुढच्या वर्षी इंग्लंडला परतले. तिथे डॉ. रेनर या बाईंनी डॉर्सेटमधल्या ओसाड माळावर कंपोस्ट घालून पाइनची रोपं आणि त्यांची बुरशी जगवून दाखवली होती. ते पाहून हॉवर्ड भारतात आणि सिलोनमध्ये चहाच्या मळ्यांत मुळं तपासत फिरले. कंपोस्ट, भुसभुशीत माती आणि बुरशी यांचं गणित त्यांनी 1940 च्या आपल्या पुस्तकात मांडलं. एक गोष्ट मात्र त्यांनी ताणली. झाड ही बुरशी पचवून तिच्यातली प्रथिनं खातं आणि त्यामुळे आरोग्य थेट मातीतून माणसात येतं, असं ते सांगत. देवघेव असते ती स्फुरद आणि साखरेची. माणसाला मुळांचं निरीक्षण अचूक जमलं होतं, तत्त्वज्ञान सांगताना तोल गेला. तरीही मुळं धुऊन पाहणारा तो माणूस मला आवडतो.

इंदूर आणि काशीच्या मातीतला एक फरक इथे सांगायला हवा, कारण बरेच मराठी वाचक काळ्या जमिनीवर वाढलेले आहेत. काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पाडते. त्या भेगांत वरची माती पडते आणि जमीन दर वर्षी थोडीफार स्वतःच उकरली जाते. ट्रॉलीने दाबलेली काळी जमीनही काही वर्षांत थोडी सावरते. गंगेचा गाळ तसा नाही. बारीक, पोयट्याचा, फारसा न फुगणारा. एकदा बसला की तो बसलेलाच राहतो. मुळं, गांडुळं आणि बुरशी यांनीच तो उघडायचा.

आणि वाराणसीभोवतीच्या शेतीत आपण काय करतो? गंगेच्या पलीकडचा चंदौली 1997 पर्यंत वाराणसी जिल्ह्यातच होता. त्याला उत्तर प्रदेशचं भाताचं कोठार म्हणतात. भात लावण्याआधी साचलेल्या पाण्यात चिखलणी होते. ढेकळं मुद्दाम मोडायची, पोकळ्या मुद्दाम बुजवायच्या, म्हणजे पाणी खाली उतरत नाही. भातासाठी हे शहाणपणाचंच. पण त्यामुळे अर्ध्या-पाऊण फुटावर एक कठीण थर बनतो. कापणी झाली की त्याच शेतात गहू. भाताच्या लाडक्या थरावर गव्हाचं मूळ येऊन आदळतं. ते वरच्या थरातच पसरतं, म्हणून पाणी वारंवार लागतं, आणि मार्चमध्ये पश्चिमेचा कोरडा वारा सुटला की खालची ओल असून उपयोग होत नाही. चिखलात बुरशीही कमी झालेली असते. मग शेतकरी डीएपीचं पोतं वाढवतो. मातीत स्फुरद मुबलक झाला की झाडही बुरशीला साखर द्यायला नाखूश होतं. डेव्हिस विरुद्ध हॉवर्ड हा सामना शंभर वर्षांनी तिथेच, त्याच गाळात चालू आहे.

यावर इलाज नाही असं नाही. बनारस हिंदू विद्यापीठाची कृषी शाखा आहे. 2018 मध्ये आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचं दक्षिण आशिया केंद्रही वाराणसीत आलं. चिखलणी न करता भात थेट पेरणं, गहू न नांगरता पेरणं यावर या पट्ट्यात बरंच काम झालं आहे. मध्येच तूर घेतली तर तिचं सोटमूळ कठीण थराला भोक पाडतं, आणि ते मूळ कुजल्यावर पुढच्या पिकाला तयार बोगदा मिळतो. सॅपरचं काम तूर करते! अवजड नांगराने तो थर फोडताही येतो, पण पुढच्या हंगामात पुन्हा चिखलणी केली तर डिझेल वाया. आणि ओल्या शेतात मोठा हार्वेस्टर घातला तर नांगराच्याही खाली नवा थर तयार.

शहरातलं चित्र जास्त वाईट आहे, कारण तिथे तूर पेरता येत नाही. आपल्याकडे पार असतो. जुने पार पाहा. दगडी कठडा आणि आत माती, किंवा फटी राखून बसवलेले दगड. त्या फटींतून पाणी आणि हवा जायची. आता पार म्हणजे सिमेंट, वर चकचकीत फरशी आणि खोडाला चिकटून ग्रॅनाइट. दर्शनाला सोयीचं, झाडाला गळफास. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल 2013 मध्ये दिल्लीत झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढण्याचा हुकूम दिला. एक मीटरही कमीच, कारण अन्न ओढणारी मुळं खोडाजवळ नसतात, फांद्यांच्या सावलीच्या कडेला आणि त्याच्याही पलीकडे असतात. पण सुरुवात म्हणून ठीक. पिंपळ भिंतीत उगवतो म्हणून त्याला काहीही चालतं, असा समज आहे. भिंतीत भेग असते, हे आपण विसरतो.

बाजारात आता मायकोरायझाची पाकिटं मिळतात. सरकारच्या खत नियंत्रण आदेशातही त्याला जागा आहे. रोपवाटिकेत, नव्या रोपाच्या खड्ड्यात त्याचा उपयोग होऊ शकतो. पण फरशीखालच्या पिंपळाला किंवा पार्किंगमधल्या कडुनिंबाला पाकीट घालणं म्हणजे पूल उडालेल्या रस्त्यावर कुमक पाठवणं. आधी हवा. त्या छावणीतल्या कडुनिंबांना आम्ही शेवटी तेच केलं. सावलीच्या कडेपासून खोडाच्या दिशेने चाकाच्या आऱ्यांसारखे अरुंद चर खणले, मोठी मुळं न तोडता. त्यांत पालापाचोळ्याचं कुजलेलं खत आणि विटांचा चुरा भरला. वर वाळका पाला अंथरला आणि दोरी बांधून जवानांची वाट चार मीटर बाजूला सरकवली. माळ्याचा दोरीवर सगळ्यात जास्त भर होता. माझी बदली झाली तेव्हा तीन झाडांना मधल्या फांद्यांवर नवी पालवी होती, दोन तशीच होती. वाळलेले शेंडे काही परत येत नाहीत.

तुमच्या अंगणातलं पाहायचं असेल तर बोटाच्या जाडीहून बारीक, टोकदार लोखंडी सळई घ्या. चांगला पाऊस झाल्यावर दोन दिवसांनी, वाफसा आला की झाडाच्या सावलीच्या कडेला हाताने दाबा. वीतभर सहज गेली तर मुळांना वाट आहे. दोन बोटांवर अडली तर कुठे अडली ते खडूने सळईवर मांडून ठेवा आणि पाच-सहा ठिकाणी पाहा, कारण एखादा दगडही असू शकतो. कोरड्या उन्हाळ्यात करू नका, तेव्हा चांगली जमीनही खोटं बोलते. आकडे मला कळवा. नागपूर, बडोदे, बेळगाव, इंदूर, जिथून ऐकत असाल तिथली माती काळी, तांबडी की गाळाची तेही लिहा.

पुढच्या भागात जेम्स प्रिन्सेप. काशीच्या टाकसाळीतल्या या तरुण साहेबाने 1820 च्या दशकात शहरातली तळी भुयारी गटार काढून कशी कोरडी केली आणि ते पाणी मग गेलं कुठे, ते पाहू. नमस्कार.